घरात आपली भाषा बंद

आमच्या घरात वर्षभर मला कोणी धड भांडू दिलं नाही. भांडण म्हटलं की समोरच्याला आपलं बोलणं कळायला तरी हवं. आणि आमच्याकडे नियम असा, की उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं की आपली भाषा बंद, परक्या मुलखाची सुरू. जो चुकेल त्याने त्या वेळची भांडी घासायची. पहिल्या दिवशी मी सकाळच्या चहालाच चुकले, दुपारी चुकले, आणि संध्याकाळी भावाला सांगितलं, की भांडी मी अशीही घासतेच, तेव्हा तुझा नियम तुझ्यापाशी ठेव. हेही आपल्याच भाषेत सांगितलं, म्हणून रात्रीचीही माझ्याकडेच आली.

हा सगळा घाट घातला होता माझ्या भावजयीसाठी. गल्लीत तिला लहानथोर सगळे सिस्टर म्हणतात. खरं तर या घरातली बहीण मी, पण सिस्टर ती, आणि मी नुसती ताई. ती नर्स आहे. त्याच हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात मी निवृत्त होईपर्यंत चादरी आणि दुपटी धुतली. बाकीच्या नर्सा मळक्या कपड्यांचं गाठोडं दारातून भिरकावून पळायच्या. ही आत यायची, धुतलेली दुपटी एकेक हाताने चाचपायची, आणि एखादं खरखरीत लागलं तर माझ्या तोंडावर परत करायची. "यात बाळाला गुंडाळायचंय," एवढंच म्हणायची. पहिल्यांदा माझं डोकंच फिरलं. मग वाटलं, एवढी चोखंदळ बाई आपल्या घरात असती तर बरं झालं असतं, कारण माझा धाकटा भाऊ म्हणजे सगळा आनंदीआनंद होता. त्याचं स्थळ तिला मीच सुचवलं. त्यामुळे पुढे जे काही झालं त्याला मीही थोडी जबाबदार आहे, हे मी नाकारत नाही.

भाऊ न्हावी आहे. कोपऱ्यावर त्याचं दुकान आहे, दोन खुर्च्यांचं, पण बसतं एकीवरच कोणी, दुसरीवर वर्तमानपत्रं असतात. त्याच्या जिभेला हाड नाही. गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस लावला की ते बिचारं बोलू शकत नाही, आणि हा त्याचा पुरेपूर फायदा घेतो. घरी आला तरी तेच. पण हात हलका आणि मन साफ, म्हणून लोक त्याचं ऐकून घेतात.

त्यांना मूल झालं नाही. हे आताच सांगून टाकते, म्हणजे मध्येच कोणी विचारायला नको. पण सिस्टरला बाळं कमी नव्हती. ती दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळांच्या वॉर्डात होती. काचेच्या पेटीत ठेवलेली, नळ्या लावलेली, मनगटाएवढ्या मांड्यांची पोरं. घरी आली की जेवताना सांगायची, आज अमक्याने डोळे उघडले, आज तमकीचं वजन वाढलं. त्यांना ती सारखं काहीतरी बोलायची म्हणे. आमच्या भावाचा गुण लागला असणार.

मग हॉस्पिटलने तो वॉर्ड बंद केला. अशी बाळं आता शहराच्या दुसऱ्या टोकाच्या मोठ्या इस्पितळात पाठवायची, असं ठरलं, आणि सिस्टरला नोंदणीच्या खिडकीत बसवलं. नाव, वय, पत्ता, पुढचा. नोकरी गेली नव्हती, पाय दुखत नव्हते, रात्रपाळी सुटली होती. शेजारीण म्हणाली, नशीबवान आहे. पण घरी आल्यावर तिच्याकडे सांगायला काही उरलं नव्हतं. घडी घालून ठेवलेल्या चादरीसारखी ती एका जागी बसून राहायची, आणि आमचा एवढा बोलका भाऊसुद्धा तिच्यासमोर गप्प व्हायला लागला.

अशात कळलं, की परदेशातलं एक हॉस्पिटल नेमक्या याच वॉर्डासाठी अनुभवी नर्सा शोधतंय. अनुभव तिच्याकडे पोत्याने होता. अडचण एकच. तिकडच्या भाषेतली तोंडी परीक्षा. लिहिणं-वाचणं ती पुस्तकावरून करून गेली असती, पण समोर बसून बोलायचं होतं, आणि वयाच्या अटीमुळे परीक्षेला दोनदाच बसता येणार होतं. पास झाली तर तिची बाळं तिला परत मिळणार. नाही झाली तर निवृत्त होईपर्यंत खिडकी. भाऊ नंतर तिच्यामागे जाणार, आणि मीसुद्धा, असं ठरत होतं. मी कुठेही येणार नाही, हे मी कोणी विचारायच्या आधीच सांगून टाकलं.

क्लासच्या वेळा तिच्या ड्युटीत बसेनात. तेव्हा भाऊ म्हणाला, भाषा शिकायची तर त्या मुलखात जाऊन राहावं लागतं म्हणतात. आपल्याला जाता येत नाही, तर मुलूखच घरात आणू.

आणि आणला की त्याने. सकाळी उठल्यापासून फोनवर तिकडचा रेडिओ. आमच्या गल्लीत ऊन आणि रेडिओवरची बाई तिकडच्या बर्फाची बातमी देतेय. कपाटावर त्याच्या तिकडच्या नावाची चिठ्ठी, आरशावर चिठ्ठी, साबणावर चिठ्ठी. माझ्या पाठीवर तेवढी चिकटवायची राहिली होती. मी मूग गिळून बसायचं ठरवलं, पण तो माझा स्वभाव नाही. मग मी उंबऱ्याबाहेरच्या पायरीवर बस्तान हलवलं. भाजी तिथेच निवडायची, शेजारणीशी तिथेच बोलायचं, भावाला काही सांगायचं असलं तर त्याला बाहेर बोलवायचं. गल्लीत बोभाटा झाला, की भाऊ-भावजयीने म्हातारीला घराबाहेर काढलंय. एक गृहस्थ तर दाढी करून घेता घेता भावाला चार समजुतीच्या गोष्टी सांगून गेले.

गंमत म्हणजे भावाला ती भाषा शिकायचं काहीएक कारण नव्हतं. पण एका हाताने टाळी वाजत नाही, सिस्टरला बोलायला कोणीतरी हवं, म्हणून तो शिकायला लागला, आणि तिच्या आधी बोलायला लागला. फेस लावलेल्या गिऱ्हाइकांवर सराव करायचा. संध्याकाळी दुकान बंद करायच्या वेळी सिस्टर हॉस्पिटलातून थेट तिथे जायची आणि खुर्चीत बसायची. हा मागे उभा राहून तिचे केस विंचरायचा, टाळूला तेल चोळायचा, आणि दोघांची परक्या भाषेत बडबड. घरी आल्यावर ती ओट्याशी, हा मोरीपाशी, बडबड चालूच. कपडे वाळत घालताना मध्ये चादर, चादरीच्या अलीकडून एक बोलतंय, पलीकडून दुसरं. भिंतीपलीकडून आवाज यायचा तेव्हा वाटायचं, आमच्याकडे दोन परदेशी पाहुणे उतरलेत आणि मी त्यांची मोलकरीण. पण सिस्टर पुन्हा हसायला लागली होती, म्हणून मी चालवून घेतलं.

परीक्षेच्या दिवशी भाऊ दुकान बंद ठेवून तिच्याबरोबर गेला. जाताना दोघं असे निघाले, जणू निकाल खिशातच आहे. परत आले तेव्हा सिस्टरने चपला काढल्या, आत आली, आणि सरळ आपल्या भाषेत म्हणाली, "ताई, पाणी द्या." भावाने भांड्यांचं नाव काढलं नाही, तेव्हाच मी समजले.

हळूहळू सांगितलं तिने. टेबलापलीकडे दोन माणसं होती. त्यातल्या बाईने पहिलाच प्रश्न सोपा विचारला, तुमच्या कामाबद्दल सांगा. हे तर हिने भावाला शंभरदा सांगितलं होतं. "वाक्यं सगळी होती, ताई," ती म्हणाली. "पण ती बाई माझ्या तोंडाकडे बघत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि सगळं पुसलं गेलं." दातखीळ बसली. पुढच्या प्रश्नांना हो, नाही, माफ करा. त्या बाईने समजूत काढली, पाणी दिलं, थांबली. त्याने आणखीच वाईट झालं.

यावर भावाचा उपाय काय, तर सराव वाढवायचा. औषध लागू पडलं नाही तर बाटली मोठी करायची, तसला प्रकार. आता सकाळी उठून खुर्चीत, संध्याकाळी खुर्चीत. रेडिओचा आवाज वाढला. सिस्टरची वाक्यं आणखी लांब झाली, आणि चेहरा आणखी उतरला. दुसरी परीक्षा जवळ येत होती आणि तिसरी नव्हती. एकदा मला पायरीवर येऊन म्हणाली, की आपल्याला भाषा येते, फक्त परीक्षा येत नाही, याला काय म्हणायचं. मी तिला शेंगा सोलायला दिल्या.

मला त्या दोघांचं बोलणं कळत नव्हतं, म्हणून मी ऐकायचं केव्हाच सोडलं होतं. नुसती बघायचे. आवाज बंद करून टीव्ही बघितला की नटांचे हात फार दिसायला लागतात, तसं माझं झालं. एकदा दुकानात डबा द्यायला गेले. नेहमीसारखी ती खुर्चीत, हा मागे. दोघं जोरात बोलतायत. हा तिच्या भांगाकडे बघतोय, ती आरशातल्या फळीवरच्या बाटल्यांकडे. घरी आले, ती गॅसकडे तोंड करून, हा नळाकडे. जेवायला बसले, शेजारी शेजारी, समोर भिंत. मी दोन दिवस पाळत ठेवली. तिसऱ्या दिवशी जेवताना राहवेना. भर घरात, आपल्या भाषेत, ताट बाजूला सारून म्हटलं, "का रे, तुम्ही दोघं बोलताना एकमेकांची तोंडं कधी बघितलीयत का?"

भाऊ हसला. मग हसायचा थांबला. त्याने सिस्टरकडे बघितलं, तिने त्याच्याकडे, आणि दोघांनी लगेच ताटाकडे. लग्नाला एवढी वर्षं झालेली माणसं, पण नव्या नवरा-नवरीसारखी लाजली. न्हाव्याचं कामच तसं. आयुष्यभर तो माणसाच्या मागे उभा राहून आरशाशी बोलतो. समोरून त्याला फक्त कल्ले सारखे आहेत का तेवढं बघायचं असतं. आणि हीही सगळी भाषा पाठीमागून आलेल्या आवाजावर शिकली होती. परीक्षेत पाठीमागे कोणीच नव्हतं.

आता काखेतला कळसा सापडला, म्हणून आम्ही खुशीत. बाहेरच्या खोलीत टेबल मधोमध ओढलं, दोन बाजूंना दोन स्टुलं. भाऊ समोर बसला आणि त्याचीच बोबडी वळली. हात कुठे ठेवावेत कळेना. फणी आणून दिली, तर ती फिरवत बसला. सिस्टरने तोंड उघडलं की याला हसू यायचं, त्याला बघून तिला. दुसऱ्या दिवशी तो तिला म्हणाला, बोलणं राहू दे, उजव्या बाजूचे केस जरा जास्त झालेत, आणि कात्री आणायला उठला. मी त्याला स्टुलावरून उठवलं ते कायमचं.

मग समोर कोण बसणार? शेजारणीला बोलावलं असतं तर गल्लीभर झालं असतं. राहता राहिले मी. मला ती भाषा येत नाही, म्हणून काय झालं? परीक्षा घेणाऱ्याला लागतो तो खाष्ट चेहरा मला जन्मतः मिळालाय. प्रश्न भाऊ आतल्या खोलीतून विचारणार, उत्तर तिने माझ्या तोंडाकडे बघून द्यायचं. माझं काम गप्प बसायचं. माझ्या आयुष्यातली सगळ्यात कठीण नोकरी ती.

पहिल्या दिवशी सिस्टर माझ्या कानाशी बोलली. मी टेबलावर टिचकी मारली. मग कपाळाशी बोलली. पुन्हा टिचकी. डोळ्यांकडे बघितलं की वाक्य मध्येच तुटायचं. ती उठून पाणी प्यायची, परत यायची. मी हलायचे नाही. असे बरेच दिवस गेले. हळूहळू वाक्यं शेवटापर्यंत जायला लागली, पण मला अजून वाटायचं, की ही पाठ म्हणून दाखवतेय. चेहरा माझ्याकडे, लक्ष भलतीकडे.

एका रविवारी दुपारी भाऊ आत होता, आणि त्याने विचारलं, कामावरचा एखादा कठीण प्रसंग सांगा. हा प्रश्न एव्हाना मलाही कळायला लागला होता. रोज तेच ऐकून बाळ, आई, श्वास, हे शब्दही माझ्या कानात बसले होते. ती सांगायला लागली. मध्येच थांबली. पुन्हा सुरू केलं, ते आपल्या भाषेत, आणि भाषा बदलली हे तिला कळलंही नाही.

ती म्हणाली, "ताई, मी वॉर्डातही अशीच होते. बाळांशी खूप बोलायचे. पण त्यांच्या आयांना काही सांगायचं असलं की मशीनकडे बघून सांगायचे. आकडे असे आहेत, डॉक्टर येतील, बघू. एकदा एक आई म्हणाली, सिस्टर, माझ्याकडे बघून सांगा ना. मी नाही बघितलं. तिचं बाळ बरं होऊन घरी गेलं, सगळं चांगलं झालं. पण मी नाही बघितलं."

एवढी वर्षं हिच्या हातचं जेवले, हिचं कौतुक गल्लीभर सांगितलं, आणि हे ओझं हिच्याकडे आहे याचा मला पत्ता नव्हता. माझा स्वभाव असा, की कोणी रडायला आलं की मला आधी राग येतो. मी म्हटलं, "मग आता बघ. मी काय खाते तुला? ती आई मी आहे असं समज, आणि माझ्या बाळाचं काय ते मला सांग. त्यांच्या भाषेत."

तिने डोळे पुसले. स्टूल पुढे ओढलं. आणि माझ्या तोंडाकडे बघत सांगितलं, हळू, थांबत थांबत, एक-दोन ठिकाणी चुकून परत दुरुस्त करून. तिचे हात बाळाएवढं अंतर धरून टेबलावर होते. सगळे शब्द मला कळले नाहीत. पण बाळाला काय होतंय, काय करणार आहेत, आणि भ्यायचं किती आणि किती नाही, हे मला लख्ख कळलं. मी मान हलवली. भाऊ दारात येऊन उभा होता, फणी हातात तशीच.

दुसऱ्या परीक्षेला ती एकटी गेली. भावाला मीच जाऊ दिलं नाही, हा दाराबाहेर उभा राहून आत प्रश्नांची उत्तरं देईल अशी मला भीती होती. तो दिवसभर दुकानात, आणि एका गिऱ्हाइकाची मिशी त्याने त्या दिवशी न विचारताच उडवली. मी देव पाण्यात घालून पायरीवर बसले होते. दुपार कलली तेव्हा ती गल्लीच्या तोंडाशी दिसली. चालण्यावरून काही कळेना. जवळ आली, माझ्या पायरीपाशी उभी राहिली आणि म्हणाली, "झाले पास." मी तिला आधी आत घेतलं. आत आल्यावर कुठल्या भाषेत रडावं हे तिला सुचेना, मग ती नुसतीच रडली, आणि मी दुकानाकडे पळाले.

ती गेली त्याला आता काही महिने झाले. घरातला नियम उठला. चिठ्ठ्या काढल्या, साबणावरची तर केव्हाच विरघळली होती. भाऊ अजून रेडिओ लावतो, म्हणतो, तिकडे गेल्यावर दुकान काढलं तर उपयोगी पडेल. माझ्या जाण्याबद्दल मी अजून कोणाला शब्द दिलेला नाही. पण रेडिओवरच्या बाईने बर्फ वितळल्याचं सांगितलं, ते मला भावाच्या आधी कळलं, आणि मला बरं वाटलं.

परवा सिस्टरचा व्हिडिओ कॉल आला. नुकतीच ड्युटीवरून आली होती, केस टोपीमुळे चपट झालेले, डोळे जागरणाचे, पण चेहरा कसा, पूर्वी जेवताना असायचा तसा. बाळांची नावं घेत सुटली, एक एवढंसं, एक जरा मोठं, एक रात्रभर झोपत नाही. मी विचारलं, त्यांच्याशी बोलतेस की नाही? म्हणाली, बोलते, आपल्याच भाषेत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, मग आम्हाला वर्षभर तोंड दाबून बुक्क्यांचा मार कशाला दिलास गं?

ती पोटभर हसली. म्हणाली, "बाळांना कुठलीही चालते, ताई. आयांना त्यांचीच लागते."

मग सांगितलं, की एक आई आठवडाभर पेटीच्या बाजूला उभी राहायची, कोणाला काही विचारायची नाही. आदल्या दिवशी पहाटे हिने तिला खुर्चीवर बसवलं, स्वतः समोर खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, तुमच्या मुलीने रात्रभर स्वतःचा श्वास स्वतः घेतला.

"तोंडाकडे बघून सांगितलंस?"

"तोंडाकडे बघून."

ती बाई काय म्हणाली, ते मी विचारलं. बराच वेळ हिच्याकडे बघत बसली म्हणे, आणि सिस्टरही उठली नाही. मग फोन मी भावाच्या हातात दिला.